‘फाटलं’ म्हणजे नेमके काय? : विणीच्या कापडाला सुईने होणाऱ्या इजेची कारणे

इंदूरमध्ये मी शिलाईचे वर्ग घेते. वर्गात येणाऱ्या बहुतेक मुली मराठी घरांतल्या आहेत. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि यंत्रापाशी दोन्हींची मिसळ, अशी त्यांची बोली. त्यांतल्या अनेकजणी पुढे तयार कपड्यांच्या कामाला लागतात आणि त्यांना मजुरी नगावर मिळते. टी-शर्ट, बाळांचे झबले, पायजमा अशा कपड्यांचे कापड तमिळनाडूतील तिरुपूरहून किंवा पंजाबातील लुधियान्याहून येते आणि बाजारात त्याला सरसकट ‘होजिअरी’ म्हणतात. या कापडावर शिलाईच्या रेषेलगत बारीक भोके पडतात. नग परत येतो, त्यावर ‘फाटलं’ एवढाच शेरा असतो आणि मजुरी कापली जाते ती शिवणारीची.

प्रस्तुत लेखात मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली तांत्रिक आहे : विणीच्या कापडाला सुईने इजा का होते? दुसरी भाषेची आहे : त्या इजेला आपण कोणता शब्द वापरतो, यावर तिचे कारण सापडणे बरेचसे अवलंबून असते. मराठीत छेदणे, तुटणे, वितळणे, ओढले जाणे, उसवणे असे वेगवेगळे शब्द आहेत. त्यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो. हे सारे शब्द ‘फाटलं’मध्ये कोंबले की कारण हरवते आणि दोष शेवटच्या हातावर येतो.

एक क्रियापद, दोन कापडे

अडचणीची सुरुवात ‘विणणे’ या क्रियापदापासूनच होते. मागावरची साडी विणलेली असते आणि आजीने केलेला स्वेटरही विणलेलाच असतो. मराठीत दोन्हींसाठी शब्द एक, पण कापडाची घडण मात्र पूर्ण वेगळी.

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन संच एकमेकांच्या खालून-वरून जातात. त्यांत धागे सरळ असतात. सुईने एखादा धागा तोडला तर तो तिथेच तुटतो. शेजारचे धागे आपापल्या जागी राहतात. स्वेटर, मोजे, बनियन, टी-शर्ट यांच्या कापडात सरळ धागा नसतोच. त्यात एक फासा दुसऱ्या फाशातून ओवलेला असतो, दुसरा तिसऱ्यातून. फाशांच्या उभ्या रांगा आणि आडव्या ओळी मिळून कापड बनते. ते ताणले जाते ते याच कारणाने : ओढले की फासा आकार बदलतो, सोडले की बराचसा मूळ आकारावर येतो. पण ज्या गुणामुळे ते ताणले जाते, तोच त्याचा नाजूकपणाही आहे. एक फासा तुटला की त्याच्यावर टेकलेला फासा निराधार होतो आणि भोक उभ्या रांगेने सरकू लागते. हाताने विणणाऱ्या बायका ‘टाका गळला’ म्हणतात, तो हाच प्रकार.

इथे आणखी एक गोंधळ टाळायला हवा. विणकामात ‘टाका’ म्हणजे कापडातला फासा, तर शिलाईत ‘टाका’ म्हणजे यंत्राने दोऱ्याने घातलेला टाका. ‘टाका तुटला’ म्हटले की कापडाचा तुटला की शिलाईचा, हे कळत नाही. म्हणून वर्गात आम्ही ठरवून घेतले आहे : शिलाईचा तो टाका आणि कापडाचा तो फासा. या लेखातही तेच शब्द वापरले आहेत.

सुई आत शिरते तेव्हा

सुईला कापडातून जायचे तर जागा हवी. ती जागा कोण देते, हे समजले की निम्मा विषय समजला.

सुईच्या पाकिटावरचा ७०, ८०, ९० हा आकडा म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ९० क्रमांकाची सुई ०.९० मिलिमीटर जाड, ७० क्रमांकाची ०.७०. जुन्या पद्धतीत हेच अनुक्रमे १४ आणि १० होत. म्हणून पाकिटावर ९०/१४, ७०/१० असे दोन्ही आकडे छापलेले दिसतात. आता परीघ काढू. ९० क्रमांकाच्या सुईचा परीघ सुमारे २.८ मिलिमीटर, ७० क्रमांकाच्या सुईचा सुमारे २.२ मिलिमीटर. टी-शर्टच्या साध्या पातळ कापडात एका फाशात गेलेल्या सुताची पूर्ण लांबीच साधारण पावणेतीन मिलिमीटर असते. हा हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा स्पष्ट करतो : जाड सुई फाशात शिरली की तिला वेढायला फाशातले सगळे सूत लागते, आणि तरी ते पुरत नाही.

मग फासा काय करतो? शेजारच्या फाशांकडून सूत ओढून घेतो. सूत सुतावरून सहज घसरत असेल तर शेजारी थोडे आखडतात, सुई निघून जाते आणि काही वेळाने सगळे पूर्ववत होते. सूत घसरत नसेल तर फासा ताणत जातो आणि सुताच्या शक्तीपलीकडे गेला की तुटतो. विणीच्या कापडाला सुईने होणाऱ्या इजेचे मर्म एवढेच आहे. सुई किती जागा मागते आणि कापड किती जागा देऊ शकते, यांतला हा फरक. पुढची बहुतेक कारणे या दोन बाजूंपैकी एकीकडे बसतात.

छेदणे : दोष टोकाचा

सुईचे टोक सुताच्या नेमके मधोमध आले आणि अणकुचीदार असले तर ते सूत बाजूला सारत नाही, त्याच्यातून आरपार जाते. काही तंतू कापले जातात आणि उरलेले तंतू पुढे धुण्यात किंवा वापरात हार मानतात. म्हणून विणीच्या कापडासाठी टोक किंचित गोलसर केलेल्या सुया मिळतात. कारागीर त्यांना ‘बॉल पॉइंट’ म्हणतात. पाकिटावर ‘एसईएस’ लिहिलेले असेल तर टोक हलके गोल, ‘एसयूके’ असेल तर मध्यम गोल. गोल टोक सुतावर आदळले तरी घसरून फाशाच्या पोकळीत जाते.

मात्र गोल टोक जितके मोठे तितके चांगले, असे नाही. बारीक विणीच्या कापडात पोकळीच लहान असते. तिथे मोठा गोळा शिरायला जागा नसते आणि छेदण्याऐवजी तोडण्याची इजा सुरू होते. पातळ टी-शर्टला हलके गोल टोक आणि ६५ ते ७५ क्रमांकाची सुई, तर जाड, सैल विणीच्या स्वेटरसारख्या कापडाला मध्यम किंवा मोठे गोल टोक, हा व्यवहारातला ठोकताळा आहे.

छेदण्याचे दुसरे कारण म्हणजे टोकावर आलेला काटा. सुई प्लेटला किंवा लूपरला घासली, बटणावर वा जाड जोडावर आदळली की टोक वाकते आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारा आकडा तयार होतो. प्रत्येक टाक्याला तो आकडा एक-दोन तंतू ओढतो. नायलॉनच्या जुन्या पायमोज्यावरून टोक हलकेच फिरवावे. काटा असेल तर मोजा अडकतो. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि कोणत्याही वर्गात करता येते.

तुटणे : दोष बहुधा कापडाचा

नवी, योग्य टोकाची, बारीक सुई लावूनही भोके पडतात, तेव्हा शिवणारी गोंधळते. इथे दोष कापडाच्या बाजूचा असू शकतो : फासा सूत मागतो, पण शेजारी देत नाहीत.

सूत घसरत नाही याची कारणे कापड शिवायला येण्याच्या आधी घडलेली असतात. कापूस मुळात मेणचट असतो. धुलाई, विरंजन आणि रंगाई यांत ते नैसर्गिक मेण निघून जाते. त्याच्या जागी शेवटच्या पाण्यात मऊपणा आणणारे द्रव्य घालावे लागते. ते सुतावर बसले की सूत सुतावरून सरकते. हे द्रव्य कमी पडले, सगळीकडे सारखे लागले नाही किंवा नंतर धुवून गेले तर कापड हाताला कोरडे, ‘करकरीत’ लागते. गडद रंगांत हा त्रास अधिक दिसतो, कारण त्यांत रंग जास्त, मीठ-सोडा जास्त आणि शेवटी धुणेही जास्त. विरंजन अती झाले असेल तर सूतच कमजोर होते. वीण फार घट्ट असेल तर फाशात मुळातच सूत कमी असते.

यात हवेचाही हात असतो. मध्यम दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून ठेवतो. हे पाणी कापसाला लवचीक ठेवते. बहुतेक तंतू ओले झाले की कमजोर होतात, कापूस मात्र उलट बळकट होतो. कारखान्यात अती तापवून वाळवलेले कापड, किंवा माळव्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उघडे पडलेले कापड, हे पाणी गमावते. म्हणून कापड आल्याबरोबर कापू नये. गठ्ठा सोडून, घड्या उलगडून एक दिवस ठेवावा आणि फार कोरडे वाटल्यास वाफ द्यावी. आराम दिलेले कापड मापालाही खरे राहते.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या कामात हा भेद लख्ख दिसला. एकाच यंत्रावर, त्याच सुईने, त्याच दोऱ्याने तिने राखी आणि काळे असे दोन रंगांचे नग शिवले. राखी नग निर्दोष निघाले, काळ्या नगांना खांद्याच्या जोडाशी भोके पडली. सुई आणि हात दोन्हीकडे तेच होते. बदलले होते ते कापड. पण शेऱ्यात ‘फाटलं’ लिहिलेले असल्याने सुया बदलणे, यंत्राला तेल देणे, शिवणारीला बोल लावणे असे साप समजून भुई धोपटणे चालू राहिले. तिने दोन्ही रंगांचे तुकडे शेजारी ठेवून ‘काळ्या कापडाचे फासे ताणून तुटतात, राखी कापडाचे नाही’ असे लिहून दिले, तेव्हा चर्चा रंगाईकडे वळली. काळ्या गठ्ठ्याला मऊपणाचे द्रव्य पुन्हा दिल्यावर भोके जवळजवळ थांबली.

वितळणे : दोष उष्णतेचा

ओव्हरलॉक यंत्र मिनिटाला पाच हजारांहून अधिक टाके घालते, म्हणजे सेकंदाला ऐंशीहून जास्त. एवढ्या वेगात कापडाशी घासून सुई तापते. तिचे तापमान दोनशे अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. कापूस वितळत नाही, पण नायलॉनचा एक नेहमीचा प्रकार सुमारे २२० अंशांना आणि पॉलिएस्टर सुमारे २६० अंशांना वितळते, आणि त्याआधीच नरम पडते. खेळाडूंच्या कपड्यांचे कापड बहुधा याच तंतूंचे असते.

वितळलेल्या भोकाची खूण हाताला लागते : कडा कडक, टोचरी, कधी चमकदार. सुई थांबली की वितळलेला अंश तिच्यावर आणि तिच्या नेढ्यात गोठतो. यंत्र पुन्हा सुरू करताच दोरा तुटतो. अशा वेळी वेग कमी करणे, सुई बारीक घेणे, सिलिकॉन लावलेला दोरा वापरणे किंवा सुईवर हवेचा झोत सोडणे हे उपाय आहेत.

ओढले जाणे आणि उसवणे

भोक शिलाईच्या रेषेवर नसून तिच्यापासून थोडे दूर असेल, तर सुईवर आळ घेण्यापूर्वी कापड पुढे सरकवणारे दाते पाहावेत. दाते खडबडीत असले किंवा प्रेसर फूटचा दाब जास्त असला तर फासे ओढले जातात. प्लेटचे भोकही पाहावे. ते सुईच्या मानाने फार मोठे असेल तर सुईबरोबर कापड खाली ओढले जाते. फार लहान असेल तर फाशाला सरकायला जागा उरत नाही. खांदा आणि बाहीचा जोड, गळ्याची पट्टी अशा ठिकाणी थर वाढतात. तिथेच भोके जास्त पडतात, कारण सुईला अनेक थरांतले फासे एकाच वेळी ताणावे लागतात. जाड दोरा घेतला तर नेढे मोठे लागते आणि सुईही जाड घ्यावी लागते. म्हणून सुई बारीक करायची तर आधी दोरा बारीक करावा लागतो. टाके गरजेपेक्षा दाट घातले तर त्याच जागी सुई पुन्हा पुन्हा येते.

उसवणे मात्र यांतले काहीच नाही. कपडा ताणल्यावर शिलाईचा दोरा तुटला आणि कापडाचे फासे शाबूत असले, तर ती सुईची इजा नव्हे. तिथे दोऱ्याचा ताण, टाक्याचा प्रकार किंवा टाक्यांची संख्या चुकलेली असते. उसवलेला कपडा पुन्हा शिवता येतो, फासा तुटलेला शिवता येत नाही. हा फरक व्यवहारातही मोठा आहे.

वर्गात करायची चाचणी

सुईची इजा ताबडतोब दिसत नाही, हा तिचा सर्वांत वाईट गुण. तुटलेला फासा शिलाईच्या दाबाखाली लपून राहतो आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात उघडा पडतो. म्हणून माल शिवण्याआधी पुढील चाचणी करावी.

१. कापडाचे दोन थर घेऊन साध्या यंत्रावर दोरा न ओवता एक वीतभर शिलाई चालवावी. थर वेगळे करून कापड दोन्ही दिशांना ताणावे, उजेडासमोर धरावे आणि तुटलेले फासे मोजावेत.

२. नवी सुई लावून तेच करावे. भोके थांबली तर जुनी सुई दोषी.

३. नव्या सुईनेही भोके पडत असतील तर यंत्राचे चाक हाताने फिरवून तेवढीच शिलाई करावी. हाताने फिरवताना भोके पडत नाहीत पण वेगात पडतात, तर उष्णतेचा किंवा वेगाचा संशय घ्यावा. हाताने फिरवूनही पडत असतील तर उष्णता हे कारण नाही.

४. मग सुई एक क्रमांकाने बारीक करावी. त्यानंतर टोकाचा प्रकार बदलून पाहावा.

५. शेवटी कापडाच्या एका तुकड्याला वाफ द्यावी, दुसरा तुकडा मऊपणाच्या द्रव्याच्या पाण्यातून काढून वाळवावा आणि दोन्ही तपासावेत. यांपैकी एकाने भोके कमी झाली तर कारण कापडाच्या कोरडेपणात आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा चाचणीचा नियम. सुई, वेग आणि कापड एकदम बदलले तर भोके थांबतील, पण का थांबली ते कळणार नाही. पुढच्या गठ्ठ्याला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

भाषेच्या शिक्षकांसाठी

या वार्षिकाचे बरेच वाचक भाषा शिकवतात, म्हणून शेवटचा मुद्दा त्यांच्यासाठी. आपण विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतो, पत्रे लिहून घेतो. पण जे पाहिले ते नेमकेपणाने नोंदवणे क्वचित शिकवतो. मी वर्गात एक लहान लेखन करून घेते. दोष असलेला तुकडा हातात द्यायचा आणि पाच वाक्ये लिहायला सांगायची : भोक कुठे आहे, रेषेवर की बाजूला, सुताची टोके कशी आहेत, सरळ कापलेली, ताणून विस्कटलेली की कडक झालेली, दोरा शाबूत आहे की नाही, कापड कोणते आणि कोणत्या रंगाचे, कोणत्या वेळी लक्षात आले, शिवताना की धुतल्यावर. अट एकच, ‘फाटलं’ हा शब्द वापरायचा नाही.

सुरुवातीला मुली अडखळतात. मग घरातले शब्द आठवू लागतात. कोणी लिहिते ‘विरलं’, आणि चर्चा होते की विरणे हे वापराने होते, नव्या कपड्याला तो शब्द लागत नाही. कोणी हिंदी शब्द आणते. त्यालाही हरकत नसते, अर्थ नेमका असला म्हणजे झाले. यंत्राचे भाग प्लेट, लूपर, ओव्हरलॉक याच नावांनी ओळखले जातात, तेही तसेच राहू द्यावेत. मराठीची ताकद इथे नामांपेक्षा क्रियापदांत आहे. काय झाले, कसे झाले हे सांगणारी क्रियापदे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि महाराष्ट्राबाहेरच्या घरांत ती सर्वांत आधी विसरली जातात.

नगावर मजुरी मिळवणाऱ्या मुलीच्या दृष्टीने हा शब्दांचा खेळ नाही. ‘फाटलं’ लिहिले तर दोष शिवणारीचा. ‘फासा ताणून तुटला, सूत कोरडे आहे’ लिहिले तर कापड तपासावे लागते. ‘कडा कडक आहेत’ लिहिले तर यंत्राचा वेग पाहावा लागतो. ‘टोकाला काटा आहे’ लिहिले तर नवी सुई द्यावी लागते. नेमक्या क्रियापदाने तिची मजुरी दर वेळी वाचेलच असे नाही, पण त्यामुळे निदान कारण शोधण्याचे काम योग्य ठिकाणी सुरू होते.